होयबाईचा दोरा

आमच्या नायगावच्या चाळीत कुणी प्रवासाला जाऊन आलं की पेढे नाहीतर चिक्की वाटायची पद्धत आहे. गेल्या श्रावणात मी जो प्रवास केला त्यातून वाटण्यासारखं काही आणता आलं नाही. पायाच्या नखांत शिवडीचा काळा चिखल तेवढा आला, आणि तो निघता निघेना. वरळी, दादर, गिरगाव, शिवडी आणि परत वरळी, एवढीच ही यात्रा. शेजारच्या कदमवहिनी एकदा जिन्यात अडवून म्हणाल्या, "सुनंदाताई, रोज छत्री आणि दुर्बीण घेऊन जाता तरी कुठे?" मी म्हटलं, "समुद्रावर." त्या म्हणाल्या, "एवढ्या पावसात? समुद्र काय पळून जातोय?" तेव्हा उत्तर द्यायला माझ्याकडे धीर नव्हता. ते आता देते आहे.

मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्त झाले तेव्हा भाचीने दुर्बीण दिली आणि मला किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा नाद लागला. झाडावरचे पक्षी मला जमत नाहीत, मान दुखते. किनाऱ्यावरचे आपल्या पायाशी असतात. त्यातला तुतवार हा सगळ्यांत साधा. चिमणीपेक्षा मोठा, पाठ मातकट, पोट पांढरं, आणि बूड सतत वरखाली. उभा असला तरी हलतंय, चालतानाही हलतंय. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे ओढ्यांच्या काठी अंडी घालतो आणि पाऊस ओसरायच्या आत इथे येतो. पुष्कळदा तोच पक्षी दरवर्षी त्याच दगडावर येऊन बसतो. एवढं जग पालथं घालून पुन्हा वरळीचाच दगड, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

हेमाला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. हेमा माझी शाळेतली मैत्रीण. मी वरळीच्या बीडीडी चाळीतली, ती वरळी कोळीवाड्यातली, आणि पालिकेच्या शाळेत आमचा बाक एक. तिच्या घरामागे खडप आहे, म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी खडकाळ जागा. तिथल्या एका चपट्या दगडावर दर वर्षी एक तुतवार येऊन बसायची. पुस्तकात 'तो तुतवार' असतो, पण हेमाच्या घरी ती 'ती' होती. हेमाचा नवरा दत्ता मागच्या दारात जाळं विणत बसे आणि तिला 'होयबाई' म्हणे. "काय पन विचारा, होय म्हनते," असं त्याचं म्हणणं. "आमच्या घरात एवढी एकच बाई हाय."

दत्ता वैशाखात गेला. यकृताचं दुखणं होतं, चैत्रापासूनच आशा सुटली होती.

आषाढाच्या शेवटी मी हेमाकडे गेले होते. ती सुकट निवडत होती. खाली मान घालूनच तिने विचारलं, "सुनंदा, पक्ष्याच्या पायात दोरा बांधला तर काय होतं गो?"

मला वाटलं सहज विचारतेय. मी वॉर्डातल्या सवयीने सरळ सांगून टाकलं. सैल असला तर कुठेतरी अडकतो. घट्ट असला तर रक्त अडवतो. सुती असला तर ओला होऊन आणखी आवळतो. मग पाय काळा पडतो आणि गळून जातो.

हेमाचा हात सुकटीत तसाच राहिला. मग तिने सांगितलं. चैत्रात ती कार्ल्याला एकवीरा आईच्या जत्रेला गेली होती, दत्तासाठी. तिथून लाल दोरा आणला. एक तुकडा खाटेवर पडलेल्या दत्ताच्या मनगटाला, एक स्वतःच्या. थोडा उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागे वाळत घातलेल्या जाळ्यात होयबाई अडकलेली दिसली. हेमाने तिला सोडवलं, आणि हातातून सोडायच्या आधी उरलेला दोरा तिच्या पायाला बांधला. पक्षी लांब जातो, आईचं नाव घेऊन जाईल, दत्ताचं आयुष्य घेऊन येईल, असं तिच्या मनात होतं. दोन दिवसांनी होयबाई गेली. मग दत्ताही गेला.

"माजा मानूस गेला तो आईनं नेला. त्याच्यावर माजा हात नाय," हेमा म्हणाली. "पन हिच्या पायाला मी बांधलंय. ते मना काढायचं हाय."

तिच्या मनगटावरचा दोरा अजून तसाच होता. माशाच्या पाण्याने काळा पडलेला, खालची कातडी सोललेली. मी म्हटलं, आधी हा काढ. तिची लेक पण हेच सांगून थकली होती. हेमाने हात पदराखाली घेतला. "तिचा सुटल्याबिगर माजा नाय काढायचा."

उडणाऱ्या पक्ष्याच्या पायातला दोरा काढता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पक्षी पकडायला कायद्याचीही मनाई आहे. पण हेमा एकटी खडपावर रोज घसरत फिरणार हेही दिसत होतं. मी माझी जुनी पट्ट्या कापायची कात्री पिशवीत टाकली, बोथट टोकाची, आणि नारळी पौर्णिमेनंतर, पक्षी परत आलेले असतात तेव्हा, निघायचं ठरवलं.

वरळी

पहिल्या सकाळी आम्ही ओहोटी बघून हेमाच्या मागच्या दाराने उतरलो; दत्ता गेल्यापासून ती त्या दारात बसतच नव्हती. खडप आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही. समुद्रातल्या नव्या रस्त्यासाठी भराव पडला तेव्हापासून पाणी वेगळीकडून येतं, आणि आम्ही लहानपणी कालवं काढायचो ते दगड मला सापडलेच नाहीत. दत्ताचा चपटा दगड मात्र होता. त्यावर कुणी नव्हतं.

लांबवर तुतवार होते, एकेकटे, आपापल्या जागेत. हा पक्षी शेजार सहन करत नाही, त्या बाबतीत आमच्या चाळीच्या अगदी उलट. दुर्बिणीतून मी एकेकाचे पाय बघत गेले. हेमा बाजूला उभी राहून विचारायची, "हाय?" मी मानेनेच नाही म्हणायची. पाय ओल्या दगडासारखेच मळकट, त्यात पक्षी क्षणभर स्थिर नाही. पाणी चढायला लागल्यावर आम्ही वर आलो. हेमाने भाकरी आणि बोंबलाची चटणी पुढे केली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिने अर्धी कुस्करून कावळ्यांना टाकली.

"तिचा दगड तिला आवडला नसंल आता," ती म्हणाली. "दुसरीकडं बसली असंल."

म्हणून आम्ही दुसरीकडे निघालो.

दादर

दादरच्या चौपाटीवर आले की मी आधी चैत्यभूमीवर जाते. हेमा बाहेर चपलांपाशी थांबते म्हणाली आणि मग आतच आली. आमच्या घरात नवस नाहीत, गंडेदोरे नाहीत. माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर घरातली सगळी लाल-काळी बंधनं स्वतःच्या हाताने कापली होती. हेमाचा दोरा ऐकला तेव्हा मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या सकाळी तिथे उभी असताना आईची आठवण झाली. मला टायफॉइड झाला होता तेव्हा भंतेजींना घरी बोलावून तिने परित्राण पाठ ठेवला, आणि पाठ संपल्यावर माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. तो ती स्वतः बांधत होती तेव्हा तिचे हात थरथरत होते. आमचा पांढरा आणि त्यांचा लाल, एवढं अंतर नक्की आहे आणि ते मी पुसणार नाही. हात मात्र दोन्हीकडे तसेच थरथरतात.

बाहेर वाळूवर चिखल्यांचा एक थवा होता. हे गोल डोक्याचे छोटे पक्षी चार पावलं पळतात, थबकतात, चोच मारतात, परत पळतात. कोपऱ्यात नाला समुद्राला मिळतो तिथल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर एक तुतवार सापडली. घाणीचा वास असह्य होता. हेमा नाकाला पदर न लावता जवळ जवळ सरकत गेली. पक्ष्याने दोन्ही पाय पुरते दाखवले. धडधाकट, स्वच्छ.

"ही नाय," हेमा म्हणाली, आणि आम्हाला दोघींनाही वाईट वाटलं. एका पक्ष्याचे पाय चांगले आहेत म्हणून वाईट वाटावं, इथवर आम्ही आलो होतो.

गिरगाव

गिरगावच्या चौपाटीवर सकाळी फिरायला येणारी माणसं शिस्तीची असतात. पांढरे बूट, ठरलेली फेरी, ठरलेला बाक. त्यात आम्ही दोघी वाकून वाकून किनारा बघत चाललेल्या. एक आजोबा थांबले. "काय हरवलं का? सोन्याचं आहे?"

"पायातलं हाय," हेमा म्हणाली.

आजोबांना जोडवं वाटलं असावं. ते काठीने वाळू उकरत आमच्याबरोबर शोधायला लागले. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून खरं काय ते सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग मी वाळूत काय उकरतोय? पलीकडे टेकडीच्या खाली दगड आहेत, तिथे बघा." आणि पार दगडांपर्यंत सोडायला आले. दगडांवर दोन तुतवार होत्या, दोघींचे पाय नीट. आजोबांनी निघताना विचारलं, "तुमचा पाळलेला होता का?" हेमा थोडा विचार करून म्हणाली, "नाय. माज्याकडं यायची."

नंतर एका जुन्या उपाहारगृहात शिरलो. श्रावण असल्यामुळे फळ्यावर सगळे उपासाचे पदार्थ. मी साबुदाणा वडा मागवला, हेमाने नुसता चहा. पाऊस जोरात आला म्हणून बसून राहिलो आणि बोलता बोलता पावसाळ्यावर आलो. आमच्याकडे वर्षावास चालू होता. या तीन महिन्यांत भंते प्रवास करत नाहीत, एका विहारात राहतात, आणि लोक तिथे धम्म ऐकायला जातात. हेमाकडेही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पावसात निघू नये हे दोन्ही घरांना पटलेलं आहे. हे पक्षी मात्र नेमके याच दिवसांत निघतात.

"तिला कोन अडवनार?" हेमा म्हणाली. "तिच्या पायाला दोरा असताना पन ती निगालीच की." वडा मी तिच्यासमोर सरकवला, तिने खाल्ला नाही.

शिवडी

शिवडीला लोक फ्लेमिंगो बघायला जातात. ते यायला अजून अवकाश होता, त्यामुळे माणसंही नव्हती. गोदामं, थांबलेले ट्रक, मोडक्या होड्या, आणि त्यापुढे नजर पोहोचेपर्यंत चिखल. वरून नवा पूल गेलेला. चिखल तेलकट आणि गुडघ्याइतका खोल. मी धक्क्याच्या कडेवरून घसरले, डावा पाय आत गेला आणि चप्पल चिखलाने ठेवून घेतली. हेमाने मला काखेत हात घालून ओढून काढलं. दत्ता गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, तेही माझ्या चपलेवर. मी पुढचा सगळा वेळ एका पायात प्लास्टिकची पिशवी बांधून फिरले.

पण काय पक्षी होते! लांब गुलाबी पायांचे शेकाटे, वाकड्या लांब चोचीचे कोरल, चिखल्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. सायबेरिया, मंगोलिया, लडाख, कुठून कुठून आलेले. सगळे चिखलात चोच खुपसून मुकाट्याने खात होते. एवढे जीव एका जागी आणि आवाज अगदी थोडा, त्यामुळे आम्हीही हळू बोलायला लागलो.

मग भरती सुरू झाली. पाणी जसं चढत गेलं तसे पक्षी मागे मागे सरकले आणि शेवटी सगळे एका उंचवट्यावर जमले. खायचं संपलं होतं. एकेकाने चोच पाठीत खुपसली आणि एक पाय पोटात घेतला.

हेमाने माझा दंड धरला. "सगळ्यांचेच पाय गेले काय गो?"

मी तिला सांगितलं की गेले नाहीत. हे असेच झोपतात, एका पायावर. दुसरा पिसांत ऊब घेत असतो. तिने दुर्बीण मागून घेतली आणि खात्री होईपर्यंत बघत राहिली. त्यातल्या एकाने आळस दिल्यासारखा लपवलेला पाय ताणला तेव्हा तिने सुस्कारा सोडला.

परतताना ती एकदम थांबली. "आपन येड्या हाव."

"का?"

"ओहोटीला ही खायला जातात, गावभर. पानी भरलं की घरी येतात. आपन वरळीला ओहोटीला गेलो. घरात मानूस नसताना दार वाजवत बसलो."

जन्मभर भरती-ओहोटी बघून घरातून निघणारी बाई आणि इतकी वर्षं दुर्बीण गळ्यात घालून मिरवणारी मी, दोघींनाही हे सुचलं नव्हतं. माणसाला जाता येतं तेव्हा तो समुद्रावर जातो. पक्ष्याची वेळ नेमकी उलटी होती.

परत वरळी

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही हेमाच्या मागच्या दारात बसलो. खाली उतरायला जागाच नव्हती, खडप सगळं पाण्याखाली. दत्ताचा चपटा दगड तेवढा वर होता. ढग होते पण पाऊस थांबला होता. हेमाने दत्ताचा विणायचा पाट मला बसायला दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. लेकीने आणलेला चहा तसाच निवून गेला.

होयबाई कधी आली ते आम्हाला कळलंच नाही. पाण्यालगत उडत आली असणार, हे पक्षी तसेच येतात. दगडाकडे बघितलं तेव्हा ती बसलेली होती. चोच पाठीत, एका पायावर.

हेमा उठून उभी राहिली. "एकच हाय."

"थांब," मी म्हटलं. "झोपलीय. काल बघितलंस ना? दुसरा पोटात असेल."

"आन नसला तर?"

वॉर्डात अशी वाट मी पुष्कळ पाहिली होती, नातेवाईकांच्या शेजारी उभी राहून. तिथे हाताला काम असायचं. इथे नुसतं बघायचं होतं. हेमा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. आईचं नाव घेत होती की दत्ताचं, मी विचारलं नाही.

एक मोठी लाट दगडाच्या कडेवर आपटली. होयबाईने चोच काढली. मग दुसरा पाय पिसांतून बाहेर आला.

तो अर्धाच होता. खाली पंजा नव्हता. पाय गुडघ्याच्या खाली संपत होता आणि टोक गोल झालं होतं. मी नीट बघितलं, एरवी जखम बघते तशी. भरलेली होती. सूज नाही, काळं नाही. दोराही नाही. जिथे तो बांधला होता ती जागाच राहिली नव्हती.

मी हेमाला दुर्बीण दिली. सांगण्यापेक्षा तिने बघावं हे बरं वाटलं. तिने बघितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती मोठ्याने रडली नाही. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि ती दुर्बीण खाली घेत नव्हती.

"माज्यानं झालं," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं नाही. तसं म्हणणं तिला नको होतं आणि ते खरंही झालं नसतं. नायलॉनच्या दोऱ्यांत पाय गमावलेले पक्षी मी पाहिले आहेत, त्यामुळे ही तीच, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तो दगड, तो पाय, आणि हेमाचा चेहरा बघून मलाही शंका उरली नव्हती.

पाणी उतरायला लागलं. दगडाची कड उघडी पडली तशी होयबाई उडी मारत कडेला गेली. एका पायावर टुणकन, मग त्या थोट्याचा जरासा टेका, परत टुणकन. शेवाळात चोच घातली, काहीतरी ओढून काढलं, गिळलं. आणि बूड हलायला लागलं. वर, खाली, वर, खाली. याच पायाने ती डोंगरांपलीकडे गेली होती आणि याच पायाने परत आली होती. आयुष्यभर मी अवयव गमावलेली माणसं सांभाळली, पण त्यांच्यापैकी कुणाला इतक्या लांब जाऊन आलेलं पाहिलं नाही.

"होय म्हनतेय गो," हेमा म्हणाली. "अजून पन होयच म्हनतेय."

तिने हात जोडले. मग उंबऱ्यावर बसली आणि पदराखालचा हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला.

"तिचा सुटला. आता माजा काप."

मी पिशवीतून कात्री काढली. होयबाईसाठी म्हणून ती आणली होती, तिथे तिचा काही उपयोग झाला नव्हता. बोथट टोक कातडी आणि दोऱ्याच्या मध्ये सरकवलं, हळूच, कारण खाली मांस ओलं होतं. दोरा कुजलेला होता, एका दाबात तुटला. खाली पांढराफटक वळ उमटला होता. हेमाने त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवला.

देवाचा दोरा पाण्यात सोडतात हे मला ठाऊक होतं. हेमासाठी म्हणून मी तो उचलला आणि समुद्रात टाकायला हात मागे घेतला. हेमाने झटकन माझं मनगट पकडलं.

"पान्यात नको," ती म्हणाली. "कुनाच्या तरी पायात जाईल."

तिने दोरा माझ्या बोटांतून काढून घेतला आणि आत जाऊन शेगडीच्या जाळावर धरला. तो ओला होता, पेटायला वेळ लागला. मी दारातच उभी राहिले. दगडावर होयबाई खात होती.